गळकी बाटली, तहानलेला ससा

ससा घरी आला की सुरुवातीचे दिवस कौतुकात जातात. तो कान कसे पाडतो, मेथीची काडी टोकापासून देठापर्यंत सरासर आत कशी ओढून घेतो, खुशीत आला की हवेत उडी मारून अंगाला कसा हिसका देतो, याचे व्हिडिओ नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरतात. मग एका सकाळी पिंजऱ्याखालची रद्दी चिंब भिजलेली सापडते. रात्री काठोकाठ भरलेली बाटली रिकामी झालेली असते. ससाच एवढं पाणी प्यायला म्हणावं, तर त्याची छाती ओली, पायाखालचं गवत ओलं, आणि गॅलरीतून पाझरलेलं पाणी खालच्या मजल्यावर वाळत घातलेल्या कुरडयांवर. घरात एकमताने निकाल लागतो की बाटलीच खराब निघाली. नवी आणली जाते. ती थोडे दिवस बरी वागते आणि मग तीही पहिलीच्याच वळणावर जाते. त्यानंतर दोष सशाकडे सरकतो. तो हूड आहे, मुद्दाम पाणी सांडतो, वगैरे.

आमच्या घरी ससे आहेत त्याला आता बरीच वर्षं झाली. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी हा प्राणी सोयीचा आहे, कारण तो भुंकत नाही आणि सोसायटीच्या कमिटीला त्याचा पत्ता लागत नाही. पत्ता लागतो तो याच पाण्यामुळे. ससे पाळता पाळता मला एक खोड लागली. क्रॉफर्ड मार्केटमधल्या पाळीव प्राण्यांच्या गाळ्यांत म्हणा किंवा गल्लीतल्या पेट शॉपमध्ये म्हणा, बाटली टांगलेली दिसली की थांबून ती न्याहाळायची. अशा पाहण्यातून माझं मत बनलं ते असं की, खराब बाटल्या असतात, पण लोक समजतात त्यापेक्षा फार कमी. बहुतेक बाटल्या गळतात त्या हवेमुळे. ही हवा कुठून आत येते आणि आत असलेली कधी फुगते, एवढं समजून घेतलं की पिंजरा कोरडा राहतो.

बाटलीची रचना साधी आहे. तोंडाला आट्यांचं झाकण, झाकणात रबराचा किंवा सिलिकॉनचा वायसर, झाकणातून खाली वाकलेली स्टीलची नळी आणि नळीच्या टोकाशी स्टीलचा छर्रा. काही नळ्यांत दोन छर्रे असतात. नळीची कड किंचित आत वळवलेली असते म्हणून छर्रा बाहेर पडत नाही, पण त्याचा थोडा भाग बाहेर डोकावतो. ससा जिभेने तो आत ढकलतो, फटीतून थेंब सुटतात आणि सुटलेल्या पाण्याची जागा घ्यायला एक बुडबुडा नळीतून वर चढतो.

बघणाऱ्याला वाटतं की छर्रा हेच बूच, तेच पाणी अडवतं. त्यामुळे गळती लागली की लोक छर्रा तपासतात, त्यावर बोट फिरवतात, नळी दगडावर आपटतात. प्रत्यक्षात छर्रा आणि नळीची कड यांच्यात पाणी अडवण्याइतका घट्ट मेळ नसतोच. प्रयोगशाळांमध्ये उंदरांच्या पिंजऱ्यांवर ज्या बाटल्या असतात, त्यांतल्या बऱ्याच नळ्यांना छर्रा नसतो. टोकाशी नुसतं बारीक भोक. तरी पाणी खाली येत नाही.

शंकराच्या पिंडीवरचं अभिषेकपात्र आठवा. त्याचंही भोक बारीकच असतं, पण पात्र वरून उघडं असतं. बाहेरची हवा पाण्याला वरून जेवढी दाबते तेवढीच भोकाशी खालून दाबते. दोन्ही दाब एकमेकांना कापतात, उरतं फक्त पाण्याचं वजन, आणि ते थेंबाथेंबाने खाली येत राहतं. आता त्याच पात्रावर हवा जाणार नाही असं झाकण घट्ट बसवलं, तर थोडे थेंब पडून धार थांबेल. सशाची बाटली म्हणजे वरून बंद केलेलं अभिषेकपात्र. टांगल्यावर सुरुवातीला पडणारे थेंब ही गळती नव्हे. तेवढं पाणी बाहेर गेलं की वरच्या पोकळीतली हवा जराशी विरळ होते, तिचा दाब उतरतो आणि बाहेरची हवा नळीच्या टोकाशी पाणी तोलून धरते. भोक बारीक असल्यामुळे पाण्याचा पृष्ठताण तिथे पडद्याचं काम करतो आणि हवेला सहजासहजी आत शिरू देत नाही. छर्रा या कामात मदत करतो इतकंच.

हे काम हवेला किती हलकं आहे ते आकड्यांत बघू. 1643 साली इटलीत तोरिचेल्लीने दाखवून दिलं की समुद्रसपाटीला बाहेरची हवा पाऱ्याचा साधारण 76 सेंटिमीटरचा स्तंभ तोलून धरते. पाणी पाऱ्यापेक्षा कितीतरी हलकं, त्यामुळे पाण्याचा स्तंभ 10 मीटरच्याही थोडा वर जातो. सशाच्या बाटलीत पाण्याची उंची 20 सेंटिमीटर धरली, तर ते पाणी अडवायला आतला दाब बाहेरच्यापेक्षा जेमतेम दोन टक्क्यांनी उतरावा लागतो. म्हणजे बाटली गळत असेल तर हा किरकोळ दोन टक्क्यांचा फरकही तिच्यात टिकत नाहीये. पाणी कुठून जातंय हे आपल्याला दिसतच असतं. शोधायचं असतं ते हवा कुठून येतेय.

पहिला संशयित वायसर. भांडी घासताना बाटली धुतली जाते, वायसर झाकणातून निसटतो आणि खरकट्याबरोबर जातो. झाकण वायसरशिवायही फिरतं, बसल्यासारखं वाटतं, आणि बाटली तासाभरात रिकामी होते. नवी बाटली दोन दिवस चांगली वागून मग बिघडते, त्यामागे पुष्कळदा हेच असतं. पहिल्या धुण्यात वायसर हरवलेला असतो. कधी तो जागेवर असतो, पण पीळ पडलेला किंवा कडेला दुमडलेला. कधी त्याच्याखाली सशाचा एखादा केस अडकतो. सशाचा केस इतका तलम की डोळ्यांना दिसत नाही, पण दोन टक्क्यांच्या दाबाला तेवढी वाट पुरते. जुन्या रबराला कडकपणा येतो आणि बोटाने वाकवलं तर त्यावर बारीक भेगा दिसतात. असा वायसर धुऊन सुधारत नाही. हार्डवेअरच्या दुकानात झाकण घेऊन गेलं की त्या मापाचा सिलिकॉनचा वायसर मिळतो. किंमत विचारायची गरज पडू नये इतकी स्वस्त वस्तू आहे ती.

झाकण जोर लावून आवळणं हा आपल्याकडचा आवडता उपाय. गळतंय ना, आणखी पिळा. प्लॅस्टिकचं झाकण जादा आवळलं की वायसर एका बाजूला दबून दुसऱ्या बाजूला उचलला जातो, आणि रोज असं केलं की आटे जातात. वायसर जागेवर टेकला की त्यानंतर थोडासाच पीळ पुरतो. दुसरी खोड उकळत्या पाण्याची. लहान मुलांच्या बाटल्या उकळायची सवय असलेल्या घरात सशाची बाटलीही उकळली जाते. साध्या प्लॅस्टिकची मान त्या उष्णतेने किंचित वेडीवाकडी होते आणि मग जगातला कुठलाही वायसर तिथे नीट बसत नाही. कोमट पाणी आणि ब्रश पुरेसा आहे. वायसरला खोबरेल लावणारेही असतात. रबर तेलाने फुगतं आणि मऊ पडतं, त्यामुळे आठवडाभर बरं वाटून पुढे जास्त बिघडतं. प्लंबर नळाला गुंडाळतात ती पांढरी टेफ्लॉन टेप आट्यांवर त्यांच्या फिरण्याच्या दिशेने गुंडाळली तर तात्पुरतं काम भागतं. ससा तिथे तोंड घालू शकत नाही एवढं बघावं.

हवा कुठून शिरते हे अंदाजाने ठरवायचं कारण नाही, ती स्वतःच दाखवते. बाटली अर्धी भरून टांगा, मागे टॉर्च धरा आणि पाणी टपकत असताना बुडबुडे कुठून निघतात ते बघा. झाकणाच्या कडेने बारीक मण्यांची माळ वर जात असेल तर दोष वायसरचा किंवा आट्यांचा. बुडबुडे नळीतूनच येत असतील तर नळीच्या टोकाकडे वळा. बुडबुडे कुठेच दिसत नसतील आणि पाणी तरी थांबत नसेल, तर हवा पाण्याच्या वरच्या रिकाम्या भागातून शिरते आहे. प्लॅस्टिकच्या जोडावर चीर असेल, किंवा बाटली वरून भरायच्या प्रकारची असेल. या वरून भरायच्या बाटल्या सध्या बऱ्याच विकल्या जातात. पिंजऱ्यावरून न काढता पाणी ओतता येतं हा त्यांचा मोठा गुण. पण हवा आत जाऊ नये अशी जागा म्हणजे बाटलीचा माथा, आणि नेमका तिथेच त्यांना दरवाजा असतो. रोज उघडमीट होणारा तो दरवाजा हवाबंद राहील ही अपेक्षा जरा जास्तच आहे. मला विचाराल तर त्या घेऊ नयेत. चीर आहे का हे पाहायला रिकामी बाटली झाकण लावून, नळीचं टोक बोटाने दाबून बादलीत बुडवा आणि दुसऱ्या हाताने पिळा. बुडबुडे जागा दाखवतील.

आता यापेक्षा गमतीचा भाग. वायसर नवा, आटे शाबूत, चीर नाही, तरी बाटली गळते, आणि तीही दुपारीच. सकाळी भरली तेव्हा ठीक होती, संध्याकाळी खाली थारोळं. इथे नवी हवा आत आलेली नसते. आत होती तीच फुगलेली असते.

समजा अर्ध्या लिटरची बाटली निम्मी रिकामी आहे. वर 250 मिलिलिटर हवा. सकाळी गॅलरीत 25 अंश तापमान होतं, दुपारी ऊन आलं आणि बाटली 35 अंशांपर्यंत तापली. नुसत्या तापण्याने हवा सव्वातीन-साडेतीन टक्क्यांनी फुगते. शिवाय ही हवा पाण्याला लागून असते, त्यामुळे तापमान वाढलं की तिच्यात वाफ वाढते आणि आणखी अडीचेक टक्क्यांची भर पडते. दोन्ही मिळून साधारण सहा टक्के, म्हणजे 15 मिलिलिटर पाणी बाहेर ढकललं जातं. ससा बाटलीजवळ फिरकलेलाही नसतो. रात्री हवा थंड होऊन आकसते, नळीतून बुडबुडा आत घेते, आणि दुसऱ्या दुपारी पुन्हा तोच खेळ. बाटली रोज एकदा श्वास घेते आणि एकदा सोडते. हीच बाटली काठोकाठ भरलेली असती, वर फक्त 20 मिलिलिटर हवा असती, तर बाहेर पडलं असतं एक मिलिलिटरच्या आसपास. म्हणून पूर्ण भरलेली बाटली कमी गळते आणि अर्धी जास्त. लोक गळतीला घाबरून बाटली अर्धीच भरतात आणि गळती वाढवून घेतात.

विदर्भातल्या उन्हाळ्यात याला आणखी एक फाटा फुटतो. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा 45 अंशांच्या घरात जातो, आणि सशाला 30 अंशांच्या पुढेच त्रास सुरू होतो. त्याला घाम जवळजवळ येत नाही, अंगातली उष्णता तो मुख्यतः कानांवाटे बाहेर टाकतो. त्याची दया येऊन घरातली माणसं बाटलीत फ्रिजचं पाणी भरतात. गार पाण्याने आतली हवाही गार झालेली असते. ती खोलीच्या तापमानाला येईपर्यंत फुगत राहते आणि बाटली टपकत राहते. गारवा द्यायचा तर पाण्याची बाटली बर्फ करून, फडक्यात गुंडाळून सशाच्या शेजारी ठेवावी, तो तिला टेकून बसतो. प्यायच्या बाटलीत माठाचं पाणी असावं, ती काठोकाठ भरलेली असावी आणि तिच्यावर ऊन येऊ नये. जुना सुती मोजा चढवला तर ऊन अडतं आणि शेवाळही कमी धरतं. फक्त पाण्याची पातळी दिसेल एवढी फट ठेवावी.

घाट चढतानाही हेच घडतं. मुंबईहून पुण्याला ससा नेताना बाटली पिंजऱ्याला लावून ठेवली तर खोपोली मागे पडल्यावर पिंजरा ओला व्हायला लागतो. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटरवर आहे. तिथे बाहेरच्या हवेचा दाब मुंबईपेक्षा सुमारे सहा टक्क्यांनी कमी. बाहेरचा दाब उतरला की आतली हवा पसरते आणि अर्ध्या बाटलीतून 15-16 मिलिलिटर पाणी ढकलून देते. उतरताना उलटं होतं, बाटली बुडबुडे आत घेते. गाडीचे गचके सोडले तर पुण्याहून मुंबईला येताना पाणी गळायचं कारण नाही. प्रवासात बाटली काढून ठेवावी. टोपलीत धुतलेली ओली कोथिंबीर किंवा काकडीच्या फोडी द्याव्यात, आणि गाडी थांबली की वाटीत पाणी पुढे धरावं.

नळीचं टोक हा वेगळाच मामला आहे. त्याला गवताची काडी टेकली की पाणी त्या काडीवरून झिरपत खाली उतरतं, आणि तेवढीच वाट काढत हवा आत जाते. लाकडी फळीला किंवा गोणपाटाला टोक टेकलं तरी तेच. म्हणून टोक मोकळ्या हवेत हवं, जाळीलासुद्धा न टेकणारं, आणि गवताची जुडी दुसऱ्या कोपऱ्यात. नळीला खाली उतार हवा. ती फार आडवी बसली तर बुडबुडा तिच्यातच अडकून बसतो आणि टोकाशी पाणी येत नाही. उंची एवढी असावी की सशाला मान किंचित वर करून पिता यावं. बाटली पिंजऱ्याच्या बाहेर आणि नळी तेवढी आत, हेही महत्त्वाचं, कारण सशाचे दात जन्मभर वाढतात आणि त्याला कुरतडायला प्लॅस्टिक चालतं. पातळ प्लॅस्टिकच्या बाटलीचा आणखी एक दोष म्हणजे धक्का लागला की तिचं अंग दबतं आणि पाण्याची चिळकांडी उडते. कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीला नळीचं झाकण लावून केलेला जुगाड म्हणूनच फारसा टिकत नाही. काचेची बाटली दबत नाही, तिच्यावर ओरखडे पडत नाहीत आणि ती साफही नीट होते. वजनामुळे तिला भक्कम तार लागते इतकंच.

काही ससे छर्रा वाजवत बसतात. तहान नसते, चाळा असतो. जेमतेम वळता येईल अशा जाळीच्या पिंजऱ्यात दिवसभर कोंडलेल्या प्राण्याला हलणारी वस्तू एकच, ती म्हणजे बाटली. बाजारात सशाचा म्हणून जो पिंजरा विकला जातो तो बहुतेकदा सशासाठी फार लहान असतो, आणि पाणी सांडण्याचं खापर त्यात राहणाऱ्यावर फोडणं हा अन्याय आहे. दिवसातून काही तास त्याला खोलीत मोकळं सोडा, पुठ्ठ्याचं खोकं द्या, मग बाटलीची वाजंत्री आपोआप कमी होते.

इथपर्यंतचा सगळा विचार फरशी कोरडी ठेवण्याचा झाला. ओल वाईटच असते. कोकणातल्या पावसाळ्यात एकदा भिजलेलं गवत वाळत नाही, त्याला बुरशी धरते, लघवीत मिसळून अमोनियाचा वास सुटतो आणि सशाच्या नाकाडोळ्यांना तो झोंबतो. सतत ओल्या जागी बसून तळपायांचे केस झडतात आणि जखमा होतात. मादीच्या हनुवटीखाली कातड्याची जाड घडी असते, ती टपकत्या नळीखाली भिजत राहिली तर खालची कातडी कुजते. तिथे स्यूडोमोनास नावाचे जंतू वाढले तर पांढरे केस चक्क निळसर-हिरवे दिसू लागतात, आणि पोरांनी रंग लावला असं समजून घरातले दुर्लक्ष करतात. ओल्या, मळलेल्या केसांत माशी अंडी घालते आणि त्यांतून एका दिवसाच्या आत अळ्या बाहेर पडू शकतात. हे सगळं खरं आहे. पण ओल डोळ्यांना दिसते, म्हणून तिच्यावर कोणी ना कोणी काही तरी करतोच. न दिसणारा धोका उलट्या बाजूचा असतो.

महाराष्ट्रात कितीतरी घरांत बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी येतं. ज्या पाण्याने गिझरची कॉइल पांढरी होते त्याच पाण्याने नळीच्या टोकाशी क्षारांचं कडं जमतं. हे कडं छर्ऱ्याला अर्धवट वर धरून ठेवतं तेव्हा बाटली गळते आणि आपली चिडचिड होते. तेच कडं छर्ऱ्याला कडेशी जखडून टाकतं तेव्हा बाटली गळायची पूर्ण थांबते. पिंजरा कोरडा, रद्दी कोरडी, खालच्या मजल्यावर शांतता. बाटली एकदाची सुधारली म्हणून सगळे खुश असतात, आणि ससा पाण्यावाचून बसलेला असतो. मांजर उपाशी असली की घर डोक्यावर घेते. ससा ओरडत नाही. तो शिकार होणारा प्राणी आहे, दुखणं लपवणं त्याच्या रक्तात आहे.

सशाला दर किलो वजनामागे दिवसाला साधारण 50 ते 150 मिलिलिटर पाणी लागतं. ओला पाला भरपूर मिळत असेल तर कमी, सुकं गवत आणि गोळ्याच मिळत असतील तर जास्त. दोन किलोच्या सशाला म्हणजे शंभरपासून तीनशेपर्यंत. त्याचं आतडं सतत चालू राहायला हवं. पाणी कमी पडलं की आतला चोथा घट्ट होतो, आतडं मंदावतं, ससा खाणं सोडतो, आणि खाणं सुटलं की आतडं आणखी मंदावतं. दुसरी गोष्ट कॅल्शियमची. आपलं शरीर अन्नातलं कॅल्शियम गरजेपुरतं शोषतं. ससा जवळजवळ मिळेल तेवढं शोषतो आणि जादाचं लघवीवाटे टाकतो, म्हणून त्याची लघवी मुळातच गढूळ असते. पाणी कमी मिळालं की हा गाळ मूत्राशयात साठतो. आपल्याकडे कौतुकाने भारेच्या भारे खाऊ घातला जाणारा लसूणघास कॅल्शियमने भरलेला असतो. लसूणघास आणि अडकलेला छर्रा ही जोडी मोठ्या सशाला चांगलीच भोवते.

उपाय सोपा आहे. आठवड्यातून एकदा नळी काढून पांढऱ्या व्हिनेगरमध्ये किंवा लिंबाचं सत्त्व विरघळवलेल्या कोमट पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवावी, बारीक ब्रशने आतून घासावी आणि वास जाईपर्यंत धुवावी. नळी हलवल्यावर छर्रा खुळखुळला पाहिजे.

यावर एक रास्त प्रश्न येतो की मग बाटली हवीच कशाला? भांड्यात पाणी ठेवावं, न छर्रा, न वायसर. युरोप-अमेरिकेतले ससेप्रेमी बराच काळ हेच सांगत आलेत. ससा परसातल्या खुराड्यात न ठेवता माणसांबरोबर घरात ठेवावा हा विचार घेऊन 1988 साली कॅलिफोर्नियात हाउस रॅबिट सोसायटी स्थापन झाली, तेव्हापासून पिंजरा आणि त्यातलं सामान यांकडे नव्याने बघायला सुरुवात झाली. ज्यूरिख विद्यापीठातल्या पशुवैद्यकांनी 2011 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सशांपुढे उघडं भांडं आणि नळी अशा दोन्ही सोयी ठेवल्या होत्या. सशांची पसंती भांड्याला मिळाली. त्यात नवल नाही. आपला पाळीव ससा मूळचा स्पेन-पोर्तुगालकडचा, बिळं करून राहणारा. आपल्या माळरानावरचा ससा ही निराळी जात आहे. तो बिळं करत नाही आणि 1972 च्या वन्यजीव कायद्याने त्याला पाळायला बंदी आहे. पण पाणी प्यायचं ते मान खाली घालून, हे दोघांचंही सारखंच. वर बघत थेंब थेंब चाटणं ही माणसाने लावलेली सवय आहे.

भांड्याचेही दोष आहेत. ससा ते उलथतो, त्यात गवत टाकतो, कधी त्यातच लेंड्या पडतात. हलकी स्टीलची वाटी पहिल्या रात्रीच फुटबॉल होते. गावाकडे कोंबड्यांना किंवा वासरांना पाणी ठेवायच्या दगडी डोणीचं लहान रूप मिळालं तर उत्तम, नाहीतर जाड बुडाचं चिनी मातीचं भांडं, बसकं आणि सशाला ढकलता येणार नाही इतकं जड.

व्यवसायासाठी ससे पाळतात तिथे बाटल्या नसतात. राजस्थानातल्या अविकानगरच्या केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेचं दक्षिणेतलं केंद्र कोडाईकनालजवळ मन्नवनूरला आहे, तिथे सशांवर काम चालतं. ससापालन करणाऱ्यांच्या ओळीने मांडलेल्या पिंजऱ्यांना पाइप आणि निप्पल असतात. तिथे टाकी वरून उघडी असल्यामुळे हवेची मदत मिळत नाही, पाणी खरोखरच निप्पलमधल्या पिनेला आणि रबराला अडवावं लागतं. म्हणून टाकी निप्पलच्या थोडीशीच वर ठेवतात. ज्यांनी हौसेने गच्चीवरच्या टाकीचा पाइप थेट तिसऱ्या मजल्याखालच्या पिंजऱ्याला जोडला, त्यांचे निप्पल दिवसरात्र टपकतात. नऊ-दहा मीटर पाण्याचा दाब झेलण्यासाठी ते केलेलेच नसतात. मध्ये वीसेक लिटरची बादली आणि फ्लोटचा नळ बसवला की प्रश्न मिटतो.

माझं स्वतःचं मत दोन्ही ठेवावं असं आहे. रोजच्या पिण्यासाठी जड भांडं, आणि ते उलथलं किंवा घाण झालं तर रात्रीपुरती बाटली. एकाच बाटलीच्या भरवशावर सशाला ठेवून दोन दिवस गावाला जाणं मला मान्य नाही, मग ती बाटली कितीही महागाची असो.

ज्यांच्याकडे बाटलीच आहे त्यांनी आजपासून एक करावं. संध्याकाळी बाटली काठोकाठ भरल्यावर पाण्याच्या पातळीवर मार्करने रेघ मारावी आणि नळीच्या टोकाला बोट लावून थेंब येतो का ते बघावं. सकाळी पातळी उतरलेली आणि खाली कोरडं असेल तर सगळं ठीक आहे. पातळी उतरली आणि खाली ओल असेल तर वायसर काढून बघावा. पातळी रेघेवर जशीच्या तशी असेल तर मात्र कोरड्या फरशीचा आनंद मानू नये. आधी वाटीत पाणी द्यावं, मग छर्रा तपासावा. आणि सशाने बारा तासांत खाल्लेलं नसेल, लेंड्याही पडलेल्या नसतील, तर बाटलीचं नंतर बघावं. त्याला त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्यावं.